पुरावा मागणारा प्रेषित

जुलै महिन्याच्या तीन तारखेला प्रेषित संत थॉमस ह्यांचा सण येतो. ऐन पावसाळ्याचे दिवस. शेतांतून लावणीची घाई, मुलांच्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. सकाळच्या मिस्सेला नेहमीची मंडळी जमतात, प्रवचनात 'संशयी थॉमस'चा उल्लेख होतो आणि मिस्सा आटोपल्यावर छत्र्या उघडून सगळे आपापल्या कामाला लागतात. संत गोन्सालो गार्सिया वसईच्या मातीतले, म्हणून ते आपले. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा देह गोव्यात विसावला आहे, म्हणून तेही आपले. परंतु ज्यांना ख्रिस्तसभा भारताचे प्रेषित म्हणून गौरवते, ते संत थॉमस मात्र केरळच्या लोकांचे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची मूक समजूत असते. सांडोरसारख्या धर्मग्रामांनी त्यांचे नाव धारण केले असले, तरी ही समजूत फारशी हललेली नाही.

आणि तरीही वेळप्रसंगी ह्याच संताची आपल्याला निकडीने आठवण होते. 'तुमचा धर्म पोर्तुगीजांनी आणलेला' असे कोणी सुनावले, की आपण तत्काळ उत्तर देतो : इसवी सन ५२ मध्ये संत थॉमस भारतात आले, तेव्हा युरोपातल्या कित्येक देशांना ख्रिस्ताचे नावही ठाऊक नव्हते. उत्तर बिनतोड वाटते. पण समोरच्याने शांतपणे 'ह्याला पुरावा काय?' असे विचारले, तर आपण अडखळतो. काहींना तर तो प्रश्नच अश्रद्धेचा वाटतो.

आम्हांला तो तसा वाटत नाही. प्रभूच्या बारा शिष्यांपैकी हाच प्रश्न ज्यांनी सर्वांसमक्ष विचारला, ते संत थॉमसच होते. त्यांच्या जीवनाचा आणि वारशाचा मागोवा घ्यायचा, तर तो त्यांच्याच रीतीने घेतला पाहिजे. जे पाहायला मिळते ते नीट पाहावे, जे परंपरेने हाती आले आहे ते परंपरा म्हणून आदराने जपावे, आणि जिथे जखम आहे तिथून नजर वळवू नये.

शुभवर्तमानातील थॉमस

मत्तय, मार्क आणि लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत थॉमस ह्यांचे केवळ नाव येते. त्यांचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचवले ते संत योहानाने. 'थॉमस' ह्या नावाचा आरामी भाषेतील अर्थ 'जुळा'. योहान त्याला जोड म्हणून 'दिदुम' हा ग्रीक शब्द देतो. त्याचाही अर्थ तोच. हे जुळे भावंड कोण होते, ते शुभवर्तमान सांगत नाही.

थॉमस पहिल्यांदा बोलतात ते लाजरच्या मृत्यूच्या प्रसंगी. यहुदीयात येशूला दगडमार करण्याचा प्रयत्न नुकताच झालेला. तिकडे परत जाणे म्हणजे मरणाच्या तोंडी जाणे, हे सर्व शिष्यांना कळते. अशा वेळी, आपणही जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू, असे थॉमस आपल्या सोबत्यांना सांगतात. ज्या माणसाला आपण पिढ्यान्‌पिढ्या केवळ 'संशयी' म्हणत आलो, त्याची शुभवर्तमानातली पहिली ओळख ही अशी आहे. तो भित्रा नव्हता.

दुसरा प्रसंग शेवटच्या भोजनाचा. आपण पुढे जात आहोत आणि ती वाट तुम्हांला ठाऊक आहे, असे प्रभू सांगतो. इतर गप्प राहतात. थॉमस मात्र प्रांजळपणे म्हणतात, की जायचे कुठे हेच ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? न समजलेले समजले असे दाखवणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. प्रभूने ह्या प्रश्नाबद्दल त्यांना दटावले नाही. उलट मार्ग, सत्य आणि जीवन आपणच आहोत, हे त्याचे थोर स्वप्रकटन ह्याच प्रश्नाच्या उत्तरात आले.

तिसरा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. पुनरुत्थित प्रभू शिष्यांना दिसला तेव्हा थॉमस तेथे नव्हते. खिळ्यांचे वण पाहिल्यावाचून आणि कुशीत हात घातल्यावाचून मी विश्वास ठेवणार नाही, असे त्यांनी बजावले. ह्यात एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. थॉमस ह्यांनी तेजाचा किंवा चमत्काराचा पुरावा मागितला नाही. त्यांनी जखमांचा पुरावा मागितला. ज्याच्या अंगावर क्रुसाच्या खुणा नाहीत, असा प्रभू त्यांना नको होता. आठ दिवसांनी दारे बंद असताना प्रभू पुन्हा आला आणि त्याने आपले हात व कूस थॉमस ह्यांच्यापुढे केली. चित्रकारांनी थॉमस ह्यांचे बोट त्या जखमेत घातलेले दाखवले आहे. परंतु त्यांनी खरोखर स्पर्श केला, असे योहान कुठेच म्हणत नाही. तो सांगतो ते इतकेच, की थॉमस ह्यांनी येशूला आपला प्रभू आणि आपला देव म्हटले. त्या बारा जणांत येशूला इतक्या स्पष्टपणे 'देव' म्हणणारे हेच पहिले.

ह्यानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी आणि पेंटेकॉस्टपूर्वीच्या प्रार्थनेत त्यांचे नाव येते. तिथून पुढे नव्या करारातील त्यांचा माग संपतो.

राजा, सुतार आणि नाणी

पुढची कथा सापडते ती 'थॉमसची कृत्ये' ह्या सिरियाक भाषेतील ग्रंथात. तिसऱ्या शतकात, बहुधा एडेसा नगरीच्या परिसरात, तो लिहिला गेला. आज हे नगर तुर्कस्तानात असून त्याचे नाव उर्फा आहे. ख्रिस्तसभेने हा ग्रंथ बायबलमध्ये घेतला नाही, आणि तो इतिहास म्हणून जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. तरी त्यातली कथा सुरेख आहे. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून जगाची वाटणी केली, तेव्हा थॉमस ह्यांच्या वाट्याला भारत आला. आपण हिब्री माणूस, त्या परक्या लोकांत जाऊन काय शिकवणार, असे म्हणून त्यांनी जाण्यास नकार दिला. तेव्हा प्रभूने स्वतःच त्यांना हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला दास म्हणून विकले. हब्बान हा गुंदफर राजासाठी कुशल सुताराच्या शोधात आला होता. राजाने थॉमस ह्यांना महाल बांधण्यासाठी भरपूर द्रव्य दिले. थॉमस ह्यांनी ते सगळे गोरगरिबांत वाटून टाकले. राजाने संतापून त्यांना कैदेत टाकले. इतक्यात राजाचा भाऊ गाद मरण पावला. स्वर्गात त्याने तो महाल पाहिला आणि परत जिवंत होऊन राजाला सांगितले. ह्या कथेमुळेच संत थॉमस हे वास्तुकार आणि बांधकाम कारागीर ह्यांचे पालक संत मानले जातात आणि चित्रांत त्यांच्या हाती गुण्या दिसतो.

अनेक शतके विद्वानांना गुंदफर हे नाव कपोलकल्पित वाटत होते, कारण इतर कोणत्याही ग्रंथात असा राजा सापडत नव्हता. मग १८३० नंतरच्या दशकात चार्ल्स मॅसन ह्याने अफगाणिस्तानात जमवलेल्या प्राचीन नाण्यांत 'गोंडोफारीस' हे नाव वाचले गेले. पेशावरच्या परिसरातील तख्त-ए-बाही येथील एका शिलालेखात ह्याच राजाच्या राज्यारोहणाचे २६ वे वर्ष आणि एका संवताचे १०३ रे वर्ष अशी नोंद मिळाली. तो संवत विक्रम संवत धरला तर हे वर्ष साधारणपणे इसवी सन ४६ येते. म्हणजे प्रेषितांच्या हयातीत वायव्य भारतात ह्या नावाचा राजा खरोखर राज्य करीत होता.

ह्या शोधाने काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. थॉमस त्या दरबारी गेले, हे नाण्यांनी सिद्ध होत नाही. पण एडेसाच्या लेखकाला दोनशे वर्षांपूर्वीच्या एका दूरच्या, विस्मृतीत गेलेल्या भारतीय राजाचे नाव माहीत होते. कथेच्या मुळाशी कोणती तरी खरी आठवण असावी, असे म्हणण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

मिरीचा सागरी मार्ग

केरळची परंपरा ह्याहून वेगळी आहे. संत थॉमस इसवी सन ५२ मध्ये समुद्रमार्गे कोडुंगल्लूरला उतरले. त्यांनी कोडुंगल्लूर, पालयूर, कोट्टक्काव, कोक्कमंगलम, निरणम, निलक्कल आणि कोल्लम अशा सात ठिकाणी ख्रिस्ती मंडळ्या स्थापन केल्या. पुढे ते पूर्व किनाऱ्याला गेले आणि इसवी सन ७२ मध्ये मैलापूरजवळच्या टेकडीवर भाल्याच्या घावाने रक्तसाक्षी झाले, असे ती सांगते. आज तेथे 'सेंट थॉमस माउंट' आहे. ही परंपरा गाण्यांतून, घराण्यांच्या स्मृतींतून आणि तीर्थस्थानांतून टिकून राहिली. ती लेखी स्वरूपात सापडते ती बरीच उशिरा, आणि म्हणून इतिहासकार तिच्याकडे सावधपणे पाहतात.

परंतु असा प्रवास अशक्य होता का? मुळीच नाही. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या सागरी मार्गदर्शिकेत मोसमी वाऱ्यांच्या आधारे ईजिप्तमधून थेट मलबारला येणाऱ्या जहाजांचे वर्णन आहे. मुझिरिस हे बंदर त्या व्यापाराचे केंद्र होते. मिरी आणि इतर चैनीच्या वस्तूंपायी भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो, अशी तक्रार प्लिनीने त्याच शतकात केली. पेरियार नदीच्या मुखाजवळील पट्टणम येथे २००७ पासून झालेल्या उत्खननात भूमध्य सागराच्या काठावरून आलेल्या मद्यकुंभांचे असंख्य तुकडे सापडले. ज्या वाटेने मद्याचे कुंभ आले, त्या वाटेने एक प्रेषितही येऊ शकत होता. येऊ शकत होता, एवढेच इतिहास म्हणतो; आला होता, असे श्रद्धावंतांची स्मृती म्हणते. ही दोन विधाने परस्परांच्या विरोधात नाहीत, पण ती एकच आहेत असेही नव्हे.

ह्या परंपरेत काही गोष्टी नंतर मिसळल्या, हेही मान्य करावे लागते. पालयूरला नंबुद्री ब्राह्मणांच्या घराण्यांना थॉमस ह्यांनी स्नानसंस्कार दिला, अशी आख्यायिका आहे. पहिल्या शतकात केरळात नंबुद्रींची वस्ती होती, हे बहुतेक इतिहासकारांना मान्य नाही. मग ही आख्यायिका का जोपासली गेली? उच्च कुळाचा अभिमान हे त्याचे एक कारण असावे. आपले पूर्वज कोणत्या जातीतून ख्रिस्ती झाले, ह्याची चर्चा आपल्या उत्तर कोकणातही नवी नाही, तेव्हा केरळच्या बांधवांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. परंतु महालाचे पैसे गरिबांना वाटणाऱ्या प्रेषिताच्या नावावर कुळाची प्रतिष्ठा उभारावी, ही विसंगती आम्हांला बोचते.

दगड, ताम्रपट आणि अस्थी

ठोस पुराव्यांची साखळी ह्यानंतरच्या काळात सापडते. चौथ्या शतकात एडेसाचे संत एफ्रेम आपल्या स्तोत्रांत सांगतात, की भारतात मारल्या गेलेल्या प्रेषिताच्या अस्थी एका व्यापाऱ्याने एडेसाला आणल्या. त्याच शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने एडेसात संत थॉमस ह्यांच्या समाधीचे दर्शन घेतले. सहाव्या शतकात फ्रान्समधील तूर नगरीचे बिशप ग्रेगरी ह्यांनी, भारतात जिथे हा देह प्रथम ठेवला होता तिथे मोठे मंदिर असल्याचे लिहिले. ११४४ मध्ये एडेसा पडले. अस्थी ग्रीसच्या खिऑस बेटावर गेल्या आणि १२५८ मध्ये तेथून इटलीतील ऑर्टोना नगरात आल्या. आजही त्या तेथील कॅथीड्रलमध्ये आहेत.

इकडे मैलापूरची स्मृतीही पुसली गेली नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ह्या समाधीविषयी लिहिले, की ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही तेथे यात्रेला येतात आणि तेथील तांबडी माती आजाऱ्यांना देण्यासाठी घेऊन जातात. १५४७ मध्ये टेकडीवर चर्चसाठी खोदताना पोर्तुगीजांना पहलवी लिपीतील लेख असलेला दगडी क्रूस सापडला. मैलापूरच्या समाधीवर उभे असलेले आजचे सान्थोम चर्च १८९६ चे आहे.

केरळातील सर्वांत भक्कम पुरावा तांब्याचा आहे. इसवी सन ८४९ मध्ये वेणाडच्या अय्यन अडिगळ ह्या राजपुरुषाने कोल्लमच्या तरिसा चर्चला जमीन आणि हक्क दिल्याचा ताम्रपट उपलब्ध आहे. त्यावर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्री लिपींत आहेत. हिंदू राजाने ख्रिस्ती मंदिराला दिलेल्या दानाला मुसलमान, पारशी आणि यहुदी व्यापारी साक्षी राहिले! ह्या ताम्रपटावर संत थॉमस ह्यांचे नाव नाही. तरीही वास्को द गामाच्या साडेसहाशे वर्षे आधी ख्रिस्ती माणूस ह्या भूमीत परका नव्हता, हे सांगण्यास ह्याहून चांगला दस्तऐवज मिळणार नाही.

कल्याण, सोपारा, ठाणे

आता आपण आपल्या किनाऱ्याकडे वळू. ज्या 'पेरिप्लस'मध्ये मुझिरिसचे वर्णन आहे, त्याच ग्रंथात सुप्पारा आणि कल्लियेना ही नावे येतात. ती म्हणजे आपले सोपारा आणि कल्याण. पाश्चात्त्य जहाजांना ही बंदरे ठाऊक होती. संत थॉमस ह्यांचे पाय आपल्या किनाऱ्याला लागले, असे सांगणारा पुरावा मात्र नाही, आणि केवळ अभिमानापोटी तसे म्हणू नये. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००६ मध्ये एका भाषणात संत थॉमस पश्चिम भारतापर्यंत आले आणि तेथून पुढे ख्रिस्ती धर्म दक्षिणेत पोहोचला, अशा आशयाचे विधान केले, तेव्हा केरळात नाराजी उमटली. प्रेषिताच्या पाऊलखुणांवर लोकांचे किती प्रेम असते, हे त्यातून दिसले.

पण थॉमस ह्यांच्या नावाने चालत आलेली पौर्वात्य ख्रिस्तसभा आपल्या किनाऱ्यावर निश्चित होती. सहाव्या शतकात कॉस्मास ह्या अलेक्झांड्रियाच्या प्रवासी व्यापाऱ्याने मिरीच्या प्रदेशातील ख्रिस्ती लोकांची नोंद केली, आणि त्याबरोबरच कल्लियाना येथे इराणहून अभिषिक्त होऊन आलेला बिशप असतो, असेही लिहिले. बहुतेक अभ्यासक हे स्थान म्हणजे आपले कल्याण मानतात. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी सुमारे साडेनऊशे वर्षे आपल्या उंबरठ्यावर ख्रिस्ती बिशपांचे आसन होते, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

त्या मंडळीचा शेवटचा ठळक माग चौदाव्या शतकात लागतो. १३२१ मध्ये थॉमस ऑफ तोलेंतिनो, जेम्स ऑफ पादुआ, पीटर ऑफ सिएना आणि दिमित्री ऑफ तिफ्लिस हे चौघे फ्रान्सिस्कन संघाचे प्रेषितकार्यकर्ते ओर्मुझहून कोल्लमला, म्हणजे संत थॉमस ह्यांच्या ख्रिस्ती लोकांकडे, निघाले होते. परंतु त्यांचे जहाज त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्याला आले. ठाण्यात पौर्वात्य परंपरेतील ख्रिस्ती लोकांची १५ घरे होती, असे ओदोरिक ह्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. त्यांतल्याच एका घरात त्यांना आसरा मिळाला. एप्रिल महिन्यात तेथील अंमलदाराच्या हुकमाने ते रक्तसाक्षी झाले. त्यांचे सोबती डॉमिनिकन संघाचे फादर जॉर्दानुस ह्यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे १३२९ मध्ये पोपमहोदयांनी ह्याच जॉर्दानुसना कोल्लमचे बिशप नेमले.

पंधरा घरे! त्या घरांतली माणसे कोणत्या भाषेत प्रार्थना करीत, पुढे त्यांचे काय झाले, त्यांचे रक्त आज कोणाच्या अंगात आहे, ह्याचा कोणताही दाखला मागे राहिला नाही. पण ठाण्याच्या खाडीवरून जाताना ह्या पंधरा घरांची आठवण आपण ठेवली पाहिजे. त्यांनी परक्या पाहुण्यांना दार उघडले आणि त्यापायी संकट ओढवून घेतले.

ज्या जखमेकडे आपण पाहत नाही

इथवरचा इतिहास अभिमानाने सांगता येतो. ह्यापुढचा सांगताना मान खाली घालावी लागते.

पोर्तुगीज भारतात आले तेव्हा केरळात त्यांना संत थॉमस ह्यांचे हजारो ख्रिस्ती भेटले. सुरुवातीला दोन्हीकडे आनंद झाला. पोर्तुगीजांनी ह्या प्रेषिताचा मोठा मान राखला. गोव्याच्या टांकसाळीत पाडलेल्या सोन्याच्या नाण्याला 'सान्तोमे' असे नाव होते. पण नाण्यावर मिरवलेल्या संताची लेकरे जेव्हा सिरियाक भाषेत मिस्सा करू लागली, इराणकडून आलेल्या बिशपांना मानू लागली आणि स्थानिक चालीरीती पाळू लागली, तेव्हा ती पोर्तुगीजांना पाखंडी वाटू लागली.

जून १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस ह्यांनी कोचीनजवळ उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली. पौर्वात्य पॅट्रिआर्कशी असलेला संबंध तोडण्यात आला. सिरियाक ग्रंथ तपासून त्यांत फेरफार करण्याचा आणि सदोष ठरलेले ग्रंथ जाळण्याचा आदेश निघाला. शतकानुशतके जपलेली हस्तलिखिते आगीत गेली. आज त्या समाजाचा आद्य इतिहास सिद्ध करण्यास कागद सापडत नाहीत, ह्याचे एक कारण ही आगही आहे. 'पुरावा काय?' ह्या प्रश्नापुढे आपण अडखळतो तेव्हा हे विसरू नये, की पुराव्याचा काही भाग आपल्याच ख्रिस्तसभेच्या माणसांनी नष्ट केला.

चोपन्न वर्षांनंतर, ३ जानेवारी १६५३ रोजी, मट्टांचेरी येथे संतप्त लोक क्रुसाभोवती जमले. गर्दी एवढी होती, की सर्वांना क्रुसाला हात लावता येईना, म्हणून क्रुसाला दोर बांधून त्या दोरांना धरून लोकांनी शपथ घेतली, असे परंपरा सांगते. गोव्याकडून लादलेला अंमल ह्यापुढे मानणार नाही, अशी ती शपथ होती. त्या दिवसापासून संत थॉमस ह्यांची एकसंध मंडळी दुभंगली. काही जण पुढे कॅथलिक ऐक्यात परतले, काही वेगळे राहिले, आणि त्यांच्यातही पुढे फाटाफूट झाली.

हा इतिहास केरळचा म्हणून आपण बाजूला ठेवू शकत नाही. त्या काळी वसईचे धर्मग्रामही गोव्याच्याच आर्चबिशपांच्या छत्राखाली होते. आपल्यालाही नवी नावे मिळाली, नव्या चाली मिळाल्या. लॅटिनमधील मिस्सा आपल्या पूर्वजांनी न समजता पण श्रद्धेने ऐकली. आपल्याला मायबोलीत मिस्सा मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. त्याच परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ च्या आदेशात पौर्वात्य ख्रिस्तसभा लॅटिन ख्रिस्तसभेच्या बरोबरीच्या आहेत, असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. जे त्यांच्याकडून हिरावून घेतले गेले आणि जे आपल्याला फार उशिरा मिळाले, ते एकच होते : आपल्या भाषेत, आपल्या रीतीने देवाला हाक मारण्याचा हक्क.

वारसा कोणाचा?

स्वतंत्र भारताने ह्या प्रेषिताला आपले मानले. १९५५ मध्ये दिल्लीतील एका समारंभात राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद ह्यांनी, युरोपातील अनेक देश ख्रिस्ती होण्याआधीच संत थॉमस भारतात आले होते, ह्याची आठवण करून दिली. १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईत आले, तेव्हा भारत सरकारने संत थॉमस ह्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी ओव्हल मैदानावर त्या दिवसांत गर्दी केली होती, त्यांच्यापैकी काहींच्या पेटीत ते तिकीट अजून सापडेल. मुंबईचे 'चर्चगेट' हे नावही ह्याच संताच्या देवळामुळे पडले. कोटातील १७१८ च्या सेंट थॉमस चर्चकडे जाण्याचा तो दरवाजा. रोज लाखो लोक त्या स्टेशनात उतरतात. ते चर्च कोणत्या संताचे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ख्रिस्तसभेनेही आपली चूक हळूहळू सुधारली. १९२३ मध्ये पोप अकरावे पायस ह्यांनी सिरो-मलबार ख्रिस्तसभेची स्वतंत्र धर्मश्रेणी स्थापन केली, आणि त्यासाठी दिवस निवडला २१ डिसेंबर, म्हणजे संत थॉमस ह्यांच्या सणाचा त्या वेळचा दिवस. (लॅटिन पंचांगात हा सण १९६९ च्या सुधारणेत ३ जुलैला आणला गेला, सिरियाक परंपरेत तो पूर्वीपासून त्याच दिवशी होता.) आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या सिरो-मलबार बांधवांसाठी नवा धर्मप्रांत निर्माण झाला तो नेमका कल्याण येथे. कॉस्मासने जिथे पौर्वात्य ख्रिस्तसभेच्या बिशपांची नोंद केली, तिथे सुमारे चौदाशे वर्षांनी त्याच परंपरेचे बिशप पुन्हा आले.

म्हणून कल्याणला, वसईला किंवा मुंबईला एखादे मल्याळी कुटुंब शेजारी राहायला आले, त्यांच्या चर्चमध्ये निराळ्या चालीची मिस्सा होते असे कळले, तर 'हे बाहेरचे' असे म्हणण्याआधी आपण थोडे थांबावे. ख्रिस्ती म्हणून ह्या किनाऱ्यावर त्यांची परंपरा आपल्या आधी आली होती. त्यांच्या सणाला आपण जावे, आपल्या सणाला त्यांना बोलवावे, आणि १५९९ ची गोष्ट निघाली तर वाद घालू नये; ऐकून घ्यावे.

संत थॉमस ह्यांच्याकडून आम्ही शिकलो ते हे. 'पुरावा काय?' असे विचारणाऱ्याचा राग धरू नये. जे ठाऊक आहे ते सांगावे आणि जे परंपरेचे आहे ते परंपरेचे म्हणून सांगावे. आपल्या मुलांनाही तसेच शिकवावे. इसवी सन ५२ हे वर्ष नुसते पाठ करून दिलेल्या उत्तरापेक्षा कोल्लमचा ताम्रपट, कल्याणचे बिशप आणि ठाण्याची पंधरा घरे त्यांना ठाऊक असणे अधिक मोलाचे आहे. आणि आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगावरचे वण झाकून ठेवू नयेत. प्रभूने आपले वण झाकले नव्हते. संशय घेणाऱ्या शिष्यापुढे त्याने स्वतःच हात पुढे केले होते.

मिस्सेत धर्मगुरू ख्रिस्तशरीर उंच धरतात, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण मान लववून मनातल्या मनात एक छोटी प्रार्थना म्हणतात. आईने किंवा आजीने लहानपणी शिकवलेली ती प्रार्थना संत थॉमस ह्यांच्या शब्दांची आहे. येत्या ३ जुलैला, पाऊस कितीही असो, ती म्हणताना आपण एक क्षण त्यांची आठवण करू या. आणि त्यांच्या नावाने जगलेल्या, मोडलेल्या व पुन्हा जोडल्या जात असलेल्या साऱ्या मंडळीसाठी प्रार्थना करू या.